दुपट्ट्याखाली घेतलेली नाव

हसाचं तं हसा, पन चहा आधी संपवा, नाहीतं ठसका लागन. मी एकदा शिडाची नाव विकत घेतली. हो, मीच! एकोडीचा धान लावनारा मानूस!

अठ्ठ्याहत्तरच्या आसपासची गोष्ट. आमचं वावर तलावाच्या पलीकडं. रोवन्याच्या दिवसात धानाचे पऱ्हे, ती कवळी रोपं, डोक्यावर घेऊन तलावाच्या पुऱ्या पाळीवरून, म्हनजे बांधावरून, फिरून जा, मान मोडून जाये. तेवढ्यात खबर आली, धरनाच्या कामावरच्या एका साहेबाची बदली झाली, अन् त्यायची जुनी, लहानशी शिडाची नाव विकाची आहे म्हनून. मी म्हटलं, पऱ्हे नावेत, मी नावेत, अन् मेहनत वारा करन!

घराच्या छपरावर कवेलू टाकाले ठेवलेले पाचशे रुपये बायकोनं हातात दिले. "तीनशेच्या वर जाऊ नका. बाकीच्यात कवेलू आनाचे आहेत."

"अवो, बैलबाजारात मले कोनी ठकवलं काय आजवर?"

खरंच नव्हतं ठकवलं. बैलाचा भाव आमच्याकडं तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातावर खांद्यावरचा दुपट्टा टाकाचा अन् आतून बोटं धराची. एक बोट म्हनजे शंभर. बाजूच्याले पत्ता लागत नाही. अन् ह्या कामात मी वस्ताद, बरं का!

चुलतभाऊ नत्थू अन् गावचे चार लोक घेऊन साहेबाकडं गेलो. नाव अंगनात उलटी पडली होती. मी भोवताल फिरलो, पाठीवर थाप मारली, वाकून खालून पाहिलं. दात नव्हते, नाहीतं तेही पाहिले असते.

साहेब म्हनाले, "आवडली का? मग असं करा..."

"थांबा साहेब! भाव असा चारचौघात बोलाचा असते काय?" मी त्यायच्या हातावर दुपट्टा टाकला अन् आतून दोन बोटं धरली.

साहेब दचकले. मंग हसले, अन् माझा पुरा पंजाच दाबला. पाचशे! बापा! मानूस दिसाले साधा, पन बाजार कोळून प्यालेला! मी तीन बोटं धरली. त्यायनं पुन्हा पंजा धरून गदागदा हालवला. माझी हद्द इथंच संपली होती, पन लोक पाहून राहिले होते ना! चार धरली. तं साहेबानं दुसरा हातही दुपट्ट्याखाली घातला! आता हा हजारावर जाते काय? मले घाम फुटला. घाईघाईनं पाची बोटं धरली अन् वरडलो, "पक्का!"

नोटा काढल्या तं साहेब म्हनतात, "हे कसले पैसे?"

"नावेचे. पाचशे."

"अहो, मी फुकट घेऊन जा म्हणणार होतो! ट्रकमध्ये बसत नाहीये ती. तुम्ही एवढ्या प्रेमानं हात धरलात, मला वाटलं इकडची निरोप द्यायची पद्धत असेल!"

निरोप!

नत्थू कानात म्हने, "दादा, ठेव ना पैसे. साहेब नाही म्हनून राहिले!"

शहान्या मानसानं ठेवले असते. पन दुपट्ट्याखाली ठरलेला भाव चार लोकांपुढं मोडला, तं उद्या बाजारात माझा हात कोन धरन? "सौदा म्हनजे सौदा, साहेब!" साहेब मांगं सरकत, मी पुढं. शेवटी भिंतीशी गाठून पाचशे रुपये त्यायच्या खिशात कोंबले.

घरी बायकोनं सारं ऐकून घेतलं. वरडली असती तं बरं झालं असतं.

"म्हनजे तो फुकट देऊन राहिला होता, अन् तुमी एकटेच भाव वाढवत होते?"

"हो," मी म्हटलं.

त्या पावसाळ्यात घर गळलं. तिच्या अंथरुनावर पानी टपके तेव्हा लय वाईट वाटे मले. नाव चालली म्हना बरी, खोटं कायले बोलू? अन् बाजारात इज्जत तं राहिली, अशी मी मनाची समजूत घालून होतो.

पुढच्या बैलबाजारात गेलो. पाहतो तं काय, वळखीचे, बिनवळखीचे, सारे दुपट्टे घेऊन माझ्याच मांगं! एक जन तं लंगडी शेळी घेऊन आला होता. हात पुढं करून म्हने, "भाऊ, शेळीकडं पाहू नका. तुमी फक्त हात द्या!"