नारळ जरा खाली

माझी बायको म्हणते, मी थापा मारतो. हा माझ्यावर अन्याय आहे. मी खऱ्या गोष्टीला फक्त थोडं तूप लावतो. आम्ही अ‍ॅशबर्नला राहायला गेलो तेव्हा तिथे डेटा सेंटरं अशा वेगाने उगवत होती की सकाळी ऑफिसला जाताना जिथे हरणं चरताना दिसायची, तिथे संध्याकाळी परतताना बिनखिडक्यांची अगडबंब इमारत उभी असायची आणि गेटवर तीच हरणं आयकार्ड शोधत ताटकळलेली. यात पोळी किती आणि तूप किती, ते ज्याचं त्याने ठरवावं. तिथल्या मराठी मंडळातल्या लोकांना हे आवडायचं. गणपतीत सूत्रसंचालन दर वर्षी माझ्याचकडे.

पुढचं मात्र कोरडं आहे. ते सांगताना मला फारसं काही होत नाही. व्हायला हवं, एवढं कळतं.

मी कामाला होतो त्या डेटा सेंटरच्या दारात काचेमागे एक गृहस्थ बसायचे. पंचावन्नच्या आसपासचे, कडक इस्त्रीचा शर्ट. येणाऱ्याने त्यांच्याकडे कार्ड द्यायचं आणि रजिस्टरात सही करायची. बाकीचे पहारेकरी हात हलवून आत सोडायचे. हे आधी कार्डावरचा फोटो पाहायचे, मग चेहरा, मग पुन्हा फोटो.

"अहो, वर्षभर रोज पाहताय मला!" मी एकदा म्हटलं. आम्ही बोलायचो इंग्रजीतच, पण त्यांचं सगळं बोलणं माझ्या डोक्यात मराठीतच साठलंय, अहो-जाहोसकट.

"काल पाहिलं होतं," ते म्हणाले. "आजचं आज."

शनिवारी मला अधूनमधून ड्यूटी असायची. इमारत रिकामी. एका शनिवारी मी डब्यातले पोहे काचेखालून सरकवले आणि तिथून आमची ओळख वाढली. तिसऱ्या की चौथ्या डब्याला त्यांनी सांगितलं की ते त्यांच्या देशात बंदर खात्याचे सचिव होते. त्या देशाचं नाव मी इथे लिहिणार नाही. एकदा लिहून झालंय.

लष्कराने सरकार उलथवलं त्या सकाळी ते परदेशात एका परिषदेला गेले होते. हॉटेलातल्या टीव्हीवर त्यांना स्वतःच्या ऑफिससमोर उभे असलेले ट्रक दिसले. ते परतलेच नाहीत. जे तिथे होते त्यांचं काय झालं, ते त्यांनी मीटिंगचं इतिवृत्त वाचावं तसं सांगितलं. मंत्री तुरुंगात. अर्थ खात्याच्या सचिवांना कपाटाच्या किल्ल्या सोपवायला दहा मिनिटं बोलावलं, ते अजून यायचे आहेत. त्यांचे स्वतःचे उपसचिव हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावरून पडले.

"त्या हॉस्पिटलला मजले दोनच होते," ते म्हणाले.

मी खो खो हसलो. मला वाटलं, चला, आपल्या जातीचा माणूस भेटला! ते हसले नाहीत. "रिपोर्टात तिसरा लिहिलाय," एवढंच म्हणाले आणि पोहे खात राहिले.

त्यांचा धाकटा भाऊ तिथेच राहिला होता. शाळेत गणित शिकवायचा. त्याला दर सोमवारी पोलीस चौकीत जाऊन सही करावी लागे. तिथे दर वेळी तेच प्रश्न: तुझा भाऊ काय करतो, कोणाला भेटतो, काय बोलतो? भावाचं उत्तर ठरलेलं. तो एका काचेमागे बसतो, कार्डं बघतो, तो आता कोणी नाही. असंच चालू राहिलं तर पासपोर्ट देऊ, असं चौकीतून त्याला सांगितलं होतं.

"मी कोणी नाही, हे जोवर खरं आहे तोवर तो रात्री घरी झोपतो," ते म्हणाले. "म्हणून मी फोटो काढून घेत नाही."

म्हणजे मला माहीत होतं. हे लिहून ठेवतो, कारण पुढे बऱ्याच जणांनी मला समजावलं की तुला बिचाऱ्याला काय कल्पना.

तो गणपती दोन हजार सहाचा असावा. मंडळाने शाळेचा हॉल भाड्याने घेतला होता. मी त्यांना जेवायला बोलावलं. उकडीचे मोदक, वरणभात, भाषण-बिषण काही नाही, असं सांगून. ते आले, मागच्या भिंतीला टेकून दाराकडे तोंड करून बसले. त्या दिवशी ज्या प्रमुख पाहुण्यांचा सत्कार व्हायचा होता, ते घरं विकणारे एक मोठे गृहस्थ, त्यांनी ऐन वेळी कॅन्सल केलं. अध्यक्ष काका विंगेत तबक घेऊन घामाघूम.

"शाल आहे, नारळ आहे, पाहुणाच नाही! आता काय, मखराला शाल पांघरू?"

"काका, पाहुणा आहे," मी म्हटलं. "साधासुधा नाही, मंत्री आहे."

सचिवाचा मंत्री तिथेच झाला, विंगेत. बायकोने माझी बाही ओढली. "अहो, विचारलंत का त्यांना?"

"सत्काराला कोण नाही म्हणतं गं?"

आपल्याकडे खरंच कोणी म्हणत नाही. आपण खांद्यावर शाल आधी टाकतो आणि माणूस कोण ते नंतर विचारतो. मी माईकवरून त्यांना बोलावलं, दोनशे माणसं मागे वळून टाळ्या वाजवायला लागली. ते उठले. इतक्या लोकांसमोर नाही म्हणणं त्यांच्याही रीतीत बसत नसावं.

मग मी तूप लावलं. डबाच ओतला. म्हटलं, हे आज आपल्यात बसून मोदक खातायत, पण सहा महिन्यांत आपल्या खुर्चीवर परत बसलेले असतील. अर्धं सैन्य आजही यांच्या एका फोनची वाट बघतंय. शपथविधीला मला बोलावणं आलंय, मंडळासाठी बोट सांगून ठेवलीय, ज्यांना यायचंय त्यांनी काकूंकडे नावं द्या! हशाने हॉल दणाणला. काकू खरोखरच वही घेऊन उभ्या राहिल्या.

त्यांना मराठी कळत नव्हतं. ते खांद्यावर शाल घेऊन हात जोडून उभे होते. फोटोसाठी कॅमेरा वर झाला तेव्हा त्यांनी नारळ दोन्ही हातांनी उचलून चेहऱ्यासमोर धरला. लोक आणखी हसले. फोटो काढणारी माझीच मुलगी, कॉलेजातली.

"अंकल, नारळ जरा खाली! वी कान्ट सी युअर फेस!"

त्यांनी नारळ खाली केला नाही. मग मी पुढे झालो आणि हसत हसत त्यांचा हात धरून खाली केला. हात जड होता. फोटो छान आला.

आठवड्याभराने मंडळाच्या वेबसाइटवर वृत्तांत लागला. लिहिला मी. प्रायोजकांना वाचता यावा म्हणून इंग्रजीत. बोट, शपथविधी, अर्धं सैन्य, देशाचं नाव, तो फोटो, सगळं घेतलं. त्यांचं नाव लिहिताना चूक नको म्हणून रजिस्टरात ड्यूटीच्या रकान्यात बघून स्पेलिंग घेतलं. मंडळ म्हणजे आपलं घर, घरातलं बोलणं बाहेर कुठे जातंय, अशी माझी समजूत. आणि मी पोटासाठी काम करत होतो ते जगभरचं इंटरनेट जिथून जातं त्या इमारतीत.

तीनेक आठवड्यांनी एका सकाळी त्यांनी माझं कार्ड घेतलं आणि परत दिलं नाही.

"माझ्या भावाला सोमवारी चौकीतून घरी सोडलं नाही," ते म्हणाले. "वहिनीचा फोन होता. त्याला एक कागद दाखवलाय. त्यात मी आहे, शाल पांघरून. ते त्याला विचारतायत, अर्धं सैन्य म्हणजे कुठलं अर्धं."

मी काहीतरी बोललो असेन. त्यांनी हात वर केला.

"तुम्ही लिहून द्या की हे खोटं आहे. शिक्क्यासकट."

वृत्तांत वेबसाइटवरून काढायला दोन मिनिटं लागली. प्रतिज्ञापत्र लिहायला मला दोन दिवस लागले. मी लिहिलं होतं, 'मला थोडी अतिशयोक्ती करण्याची सवय आहे.' त्यांनी काचेखालून पेन सरकवलं. "'अतिशयोक्ती' काढा. 'खोटं' लिहा. 'थोडी' पण काढा." सचिवाचं वाचणं होतं ते, ओळीवर बोट ठेवून.

कुरियरच्या दुकानातल्या नोटरी बाईंसमोर मी उजवा हात वर करून शपथ घेतली की मी खोटारडा माणूस आहे. त्यांनी कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं. "हे खरं आहे?" "शब्दन् शब्द," मी म्हटलं. असं मी आयुष्यात पहिल्यांदाच म्हणत होतो. कागद फॅक्स झाला, मूळ प्रत कुरियरने गेली. चौकीने पोच दिली, असं वहिनी म्हणाल्या. वाचून तिथले लोक खूप हसले, असंही म्हणाल्या.

डिसेंबरात बर्फ पडलं त्या दिवशी मी बूट झटकत दारातून आत आलो. ते नेहमीसारखे बसले होते, शर्टाला इस्त्री.

"माझा भाऊ गेला," ते म्हणाले. "हृदय बंद पडलं, असं कळवलंय. शवपेटी उघडायची नाही म्हणून सांगितलंय."

"मी काय करू?" मी विचारलं.

"सही करा. मागे लोक थांबलेत."

मी सही केली. खाली सर्व्हर रूममध्ये जाऊन संध्याकाळपर्यंत काम केलं, डबा खाल्ला. घरी गेल्यावर बायकोला सांगितलं. ती स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. मुलीला आम्ही सांगितलंच नाही. तो फोटो अजून तिच्या कॉम्प्युटरवर असेल.

पुढच्या गणपतीत काका म्हणाले, "काय रे, यंदा बोट नाही का?" मी प्रायोजकांची नावं वाचली आणि खाली उतरलो. लोकांना वाटलं, माझा घसा बसलाय.

त्यांचा भाऊ गेल्यावर त्या इमारतीत मी आणखी दीड वर्ष काम केलं. ते काचेमागे, मी काचेपुढे. शनिवारचा डबा मी एकदाच पुन्हा सरकवून पाहिला. त्यांनी तो तितकाच हळू परत सरकवला. दोन हजार आठमध्ये आमची टीम दुसरीकडे हलवली, तेव्हा शेवटच्या दिवशी कार्ड त्यांच्याकडेच जमा करायचं होतं. त्यांनी फोटो पाहिला, मग माझा चेहरा, मग पुन्हा फोटो, आणि कार्ड खोक्यात टाकलं.