बाप्तिस्म्याचा रकाना

एस्तान्सियाच्या मासळी बंदरावर बरीच वर्षं अशी कुजबुज होती, की पुरिंगच्या हातात बाळ दिलं तर ते वर्षाचं होत नाही. सख्ख्या बहिणीचं पहिलं मूल म्हणे तिनेच धर्मआई होऊन बाप्तिस्म्याला धरलं होतं, आणि डोक्यावरचं पाणी सुकायच्या आत ते निळं पडलं. हे सांगताना बायका सुक्या मासळीच्या टोपल्या उगाच इकडच्या तिकडे करीत आणि आवाज असा खाली आणीत, की तीन दुकानं पलीकडे स्पष्ट ऐकू जावा.

पुरिंगचं पूर्ण नाव पुरिफिकासियोन नोब्लेझादा. मेणबत्त्यांच्या, म्हणजे शुद्धीकरणाच्या सणाला जन्मली म्हणून आईने नावच ठेवलं ‘शुद्धीकरण’. असं नाव घेऊन जन्मलेली बाई ऑडिटर होणार नाही तर काय नाचगाण्यात जाणार? सरकारची लेखापालाची परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाली आणि इलोइलोतल्या एका घराण्याच्या बर्फ कंपनीत लागली. किनाऱ्याकिनाऱ्याने कंपनीचे सात कारखाने. पुरिंगचं काम त्यांतून फिरायचं, लाद्या मोजायच्या, वह्या तपासायच्या आणि आपल्याच कंपनीच्या माणसांच्या चुका मालकाला लिहून कळवायच्या. थोडक्यात, पगार घेऊन चुगली.

बर्फाच्या धंद्यात चोराला सगळ्यात मोठा आधार म्हणजे ऊन. शंभर लाद्या साच्यातून निघाल्या, नव्वद विकल्या, दहा कुठे गेल्या? वितळल्या. याला घट म्हणायचं. कंपनीला शंभरात सात मान्य होती. त्यापुढची घट पाण्यात गेली की कुणाच्या घरात, हे पुरिंगने शोधायचं.

तिच्याबरोबर पास झालेली एक दुबईला गेली, एक सेबूत बँकेची अधिकारी झाली. कंपनीतल्याच हिशेब खात्यात बसलेल्या पोरी खुर्च्या बदलत बदलत वर सरकल्या. ऑडिटरला मात्र शिडी एकच, आणि शिडीला पायरीही एकच, ती म्हणजे प्रमुख ऑडिटर सर बियारुस यांची खुर्ची. सर बियारुस त्या खुर्चीवरून फक्त जेवायला उठत. तेही डबा लहान असला तर नाही.

पण माणूस सरळ. पुरिंग लागली त्याच वर्षी त्यांनी तिला समोर बसवलं.

“हे बघ, इंदाय, पोरी. हिशेबनीस असतीस तर म्हटलं असतं, वीस पोरांची धर्मआई हो. ऑडिटर आहेस, एकाचीही होऊ नकोस. आज पोर तुझ्या हातावर, उद्या पोराची आई तुझी कुमारे, बहिणीसारखी नातलग. आणि कुमारेच्या कारखान्यात लाद्या मोजायला कुठल्या तोंडाने जाशील?”

त्यांनी एक फॉर्म पुढे सरकवला. दर जानेवारीत तो भरायचा. नातेवाइकांचे तीन रकाने होते: रक्ताचे, लग्नाचे, बाप्तिस्म्याचे. ज्या कारखान्यातलं नाव लिहिलं, तो कारखाना त्या ऑडिटरला बंद. दोनतीन बंद झाले, की मग तो ऑडिटर कसला, दात पडलेला कुत्रा.

पहिल्याच वर्षी पुरिंगला सात आमंत्रणं आली; सातही तिने दौऱ्याचं निमित्त सांगून टाळली. कारखान्यातल्या लोकांना ऑडिटर दिसली की त्यांची बाळं अचानक बाप्तिस्म्याची होतात. पण दुसऱ्या वर्षी ती कुजबुज उठली आणि आमंत्रणं थांबली. एकोणीस वर्षं पुरिंगचा तिसरा रकाना कोरा राहिला. सर बियारुस तो नवीन पोरांना दाखवीत. “याला म्हणतात ऑडिटर!”

नाताळच्या सकाळी मात्र तो रकाना तिला घरात दिसे. गल्लीतली पोरं धर्मआई-धर्मबापाच्या हाताला कपाळ लावून भेट घ्यायला दारोदार धावत. पुरिंगच्या दारावरून जाताना आया त्यांचा दंड धरीत. ती दरवर्षी बिस्किटांचा एक मोठा डबा आणून ठेवी. जानेवारीत तो कचेरीत वाटला जाई.

त्या जानेवारीत सर बियारुस यांनी जाहीर केलं, की जूनमध्ये आपण निवृत्त होणार. मालक दॉन सेगुंदो पुरिंगला जिन्यात भेटला आणि म्हणाला, “तयार राहा हं.” एवढ्यावर पुरिंगने पाच महिने काढले. पंचेचाळिसाव्या वर्षी ती खुर्ची मिळाली नाही तर मग काहीच नव्हतं. दुसरी कंपनी या वयाची आतली ऑडिटर घेत नाही, आणि हिशेब खात्यात तिला कोण घेणार? तिथल्या प्रत्येकाची एकेक चूक तिने कधी ना कधी लिहिलेली होती.

आणि नेमकं फेब्रुवारीत डेल्फाने विचारलं.

डेल्फा बायलोन ही एस्तान्सियाच्या कारखान्याची प्रमुख. पुरिंगची तिथली एकमेव मैत्रीण, कारण तिला ऑडिटरची थट्टा करता यायची. लग्नाला बारा वर्षं झाल्यावर तिला मुलगी झाली होती. पुरिंग कारखान्याच्या पाहुण्यांच्या खोलीत उतरली होती. डेल्फा पानात गुंडाळलेला चिकट भात घेऊन आली.

“खा. भात जरा जास्तच चिकट झालाय, पण ऑडिटरला काय, चिकटपणा अंगचाच!”

“मी कारखान्यात खात नाही, माहीत आहे तुला.”

“हा माझ्या चुलीवरचा आहे. पावती फाडू?”

पुरिंग हसली. तेवढ्यात डेल्फा म्हणाली, “पोरीची धर्मआई हो.”

पुरिंगच्या बॅगेत एस्तान्सियाची घट होती. शंभरात अकरा. मैत्रीण विचारतेय की कारखान्याची प्रमुख, हे तिला त्या चेहऱ्यावरून कळेना. एकोणीस वर्षं लोकांचे चेहरे वाचून झाली ही गत!

“माझ्या हाताबद्दल लोक काय म्हणतात, ऐकलंयस ना?”

“म्हणू देत. फादरना विचारून आले मी. म्हणाले, बाप्तिस्मा पाण्याने होतो, धर्मआईच्या हाताने नाही.”

“फादरना पोरं आहेत का? त्यांना काय कळतंय! नको, डेल्फा. बहिणीचं मूल... माझ्या डोळ्यांसमोर... तुझ्या पोरीला काही झालं तर?”

डेल्फाचा चेहरा उतरला.  “म्हणजे ते खरं आहे?” ती हळूच म्हणाली. “बारा वर्षांनी झालीय गं ती.”

पुरिंगने मान खाली घातली. डेल्फा भात तिथेच ठेवून गेली. पुरिंगने तो खाल्ला नाही, टाकलाही नाही. सकाळी मुंग्यांनी त्याचं ऑडिट केलं होतं.

मार्चमध्ये ती घट तपासायला पुन्हा गेली. डेल्फाच्या अंगणातून जाताना बाळ दिसलं. मनगटात दृष्टीचे लाल-काळे मणी, एक सर नाही, दोन्ही हातांत दोन दोन. पुरिंगला पाहताच आजीने बाळ उचललं, आत नेलं आणि दार लावलं. भर दुपारी, त्या उकाड्यात.

मग पुरिंग तीन दिवस साठ्याच्या खोलीशी बसली. वह्या जुळल्या. पावत्या जुळल्या. लाद्या तिने स्वतः मोजल्या, त्याही जुळल्या. तिसऱ्या दिवशी दाराशी उभी असताना तिच्या पावलांना गार लागलं. तिने वर्तमानपत्राची पट्टी फाडून उंबऱ्याशी धरली. पट्टी फडफडली. दाराचं रबर खालून फाटलं होतं, आणि गारवा रात्रंदिवस अंगणात चालला होता.

“रबर कधीपासून फाटलंय?” तिने डेल्फाला विचारलं.

डेल्फाने फाइल आणली आणि मुख्य कचेरीला लिहिलेली तीन पत्रं काढून टेबलावर ठेवली. उत्तर एकाचंही नव्हतं.

“मला दाखवली नाहीस?”

“तू विचारलंस कुठे, मॅडम? चोर कोण ते शोधत होतीस.”

एकोणीस वर्षांत डेल्फाने तिला पहिल्यांदा मॅडम म्हटलं.

पुरिंगने अहवाल लिहिला. दोष दाराचा आणि उत्तर न देणाऱ्या मुख्य कचेरीचा, असं स्वच्छ लिहिलं. रबर मागवायचं ते खरेदी खातं मालकाच्या मेहुण्याकडे होतं. सर बियारुस यांनी अहवाल वाचून चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. “बरोबर आहे. जूननंतर लिहिला असतास तर आणखी बरोबर झालं असतं.”

जूनमध्ये खुर्चीवर रेनांते बसला. मनिलाच्या एका मोठ्या ऑडिट फर्ममधून आलेला एकतीस वर्षांचा गुळगुळीत पोरगा. पहिल्या दिवशी पुरिंगने त्याला फॉर्म दिला. तिसऱ्या रकान्यात त्याने प्रामाणिकपणे लिहिलं: दॉन सेगुंदो, धर्मबाप. मालकाने त्याखाली ‘पाहिले’ असं लिहून सही केली. झालं! बंद कुठला कारखाना करणार? सगळेच त्याचे.

“नांग पुरिंग,” तो थोरल्या बहिणीला हाक मारावी तशा गोड आवाजात म्हणाला, “तुम्ही अनुभवी आहात. बाकीच्यांना तुमच्याकडूनच शिकायचंय.”

आतल्या ऑडिटरला असं कोणी म्हटलं, की समजावं, ही आता निवृत्तीपर्यंत याच टेबलाशी.

पुढच्या रविवारी पुरिंग स्वतःच्या पैशाने बस पकडून एस्तान्सियाला गेली. चार तासांचा रस्ता. डेल्फा अंगणात कपडे वाळत घालत होती. बाळ झोळीत होतं. पुरिंग फाटकाबाहेरच थांबली.

“आत ये,” डेल्फा म्हणाली. हात मात्र झोळीच्या दोरीवर गेला.

“आधी ऐक. ती गोष्ट मीच उठवली होती.”

“कुठली?”

“हाताची. दुसऱ्या वर्षी दुसऱ्या एका कारखान्यातल्या मेकॅनिकच्या बायकोने विचारलं. नाही कसं म्हणायचं ते सुचेना. तोंडात आलं ते बोलले. मग पुन्हा कोणी विचारलं नाही, म्हणून राहू दिलं.”

डेल्फाने हातातला ओला शर्ट पिळला. आधीच पिळलेला होता, पाणी आलं नाही.

“हजार लाद्यांचा जाब तू लोकांच्या तोंडावर मागतेस,” ती म्हणाली, “आणि एक ‘नाही’ तुझ्याच्याने म्हणवलं नाही? चार महिने ही जरा खोकली तरी मी रात्र रात्र बसून काढलीय, पुरिंग. श्वास मोजत.”

 डेल्फा झोळीपाशी बसली, बाळाच्या मनगटावरचे मणी चाचपले, आणि तसेच राहू दिले. पोरीला धर्मआई दुसरी मिळाली होती, बंदरावरच्या कोळ्याची बायको. “जेवून जा,” डेल्फा शेवटी म्हणाली, पण ताट वाढायला उठली नाही. पुरिंग दुपारच्या बसने परतली.

बायका आजही ती गोष्ट सांगतात. खरं एवढंच आहे: पुरिंग चार भावांतली एकटी मुलगी. तिला बहीण नव्हती. कुठलंही मूल तिने बाप्तिस्म्याला कधी धरलं नाही, आणि कुठलंही मूल मेलं नाही.