गोठ्याच्या खांबावरचा सराव

लिहायला बसलो आहे खरा, पण हे आपलं काम नव्हे असं सारखं वाटतं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. पुस्तकात लिहिणारी माणसं वेगळी असतात, असंच मी समजत आलो. शिवाय जे सांगायचं आहे तेही फार मोठं नाही. सुटलेला मल्लखांब मला पुन्हा धरायचा होता, इतकंच. वाचणाऱ्याचा वेळ घेतो आहे, त्याची आधीच माफी मागतो.

मल्लखांब मला आमच्या गावच्या, सानगडीच्या शाळेत ड्रिलच्या मास्तरांनी शिकवला. नववीत असताना बाबांचा पाय बंडीच्या चाकाखाली आला आणि नांगर माझ्या हाती आला. सहा वर्षं धानाच्या बांध्यांत गेली. धाकटा भाऊ नांगर धरण्याजोगा झाला तेव्हा मी बाहेरून मॅट्रिक झालो आणि भंडाऱ्याच्या कॉलेजात नाव घातलं. सत्तरचं दशक तेव्हा सरत आलं होतं.

वर्गात मी सगळ्यांत मोठा. जवाहरनगरच्या कारखान्याच्या क्वार्टरांतून बसने येणारी मुलं मला ‘काका’ म्हणायची. चिडवायला म्हणत की खरंच तसा दिसत होतो, कोण जाणे. दिवसचे दिवस माझं कुणाशी बोलणं होत नसे. खोलीवर एकटाच स्वयंपाक करायचो, आणि कधी कधी चुलीवरच्या भाताच्या गंजाशीच दोन शब्द बोलायचो.

मैदानाच्या कडेला कॉलेजचा मल्लखांब होता. पहिल्यांदा त्याला हात लावला तेव्हा तळव्याला एरंडेलाचा वास आला. तो दिवसभर राहिला, मीही हात धुतले नाहीत. विद्यापीठाच्या स्पर्धेसाठी दसऱ्यानंतर चार मुलं निवडणार होते. मला वाटलं, या चारांत आलो तर इथे आपली काही जागा होईल. निदान कुणी नाव तरी विचारेल.

खेळाचे सर म्हणाले, “आधी खेळला आहात?”

“हो सर. शाळेत.”

“सोडून किती दिवस झाले?”

“सहा वर्षं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि वहीत नाव लिहून घेतलं.

त्या संध्याकाळी मी खांबावर गेलो आणि अर्ध्यातूनच खाली घसरलो. हातांत नांगराची ताकद होती, पण खांदे दगडासारखे झाले होते आणि कंबर वाकायला तयार नव्हती. खालून एक मुलगा म्हणाला, “काका, शिडी आणू का?” सगळे हसले. मीही हसलो. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी तिकडे गेलो नाही.

मग मी दर शनिवारी एसटीने सानगडीला जाऊ लागलो. आमच्या गोठ्याचं छप्पर वादळात उडालं होतं, पण मधला आढ्याचा सागवानी खांब उंच उभा होता. मी तो तासून गुळगुळीत केला आणि त्याला तेल लावलं. सकाळी तलावाच्या पाळीवर धावायचो, जोर-बैठका काढायचो आणि मग खांबावर चढायचो. मांड्यांची आतली कातडी सोलून निघाली. आंघोळीचं पाणी लागलं की डोळ्यांत पाणी यायचं.

बाबा काठी टेकत येऊन पाहत. “काहून रे, त्या खांबाले काय मिठ्या मारून राहिला? बैलं तहानले आहेत.”

आई आतून म्हणायची, “बंडीच्या आसाचं तेल सारं खांबालेच पाजून राहिला तो. बिना तेलाची बंडी आता आपल्याच पोरावर कुरकुर करते.”

हळूहळू शरीराला आठवू लागलं. दसऱ्याच्या सुमारास एका सकाळी मी पायांची अढी घालून उलटा लटकलो आणि दोन्ही हात सोडले. उलटं गाव दिसलं, उलटा तलाव दिसला. सहा वर्षांनी दिसला. पण ते सांगावं असं जवळ कुणी नव्हतं. खाली उतरून बैलांना पाण्यावर नेलं.

निवडीच्या दिवशी कसरतींचे तीन संच करायचे होते. पहिले दोन मला वाटलं त्याहून चांगले झाले. खालची कुजबुज थांबल्याचं ऐकू आलं. तिसऱ्यात मी मल्लखांबाच्या मानेवर अढी घातली, हात सोडले आणि पाय सटकले. खरा मल्लखांब वर निमुळता होत जातो. गोठ्याचा खांब खालून वरपर्यंत सारखाच जाड होता आणि माझ्या पायांना तीच जाडी पाठ झाली होती. मी सरळ पाठीवर पडलो.

आमच्याकडे कुस्तीत पाठ टेकली की संपलं. कुणाला काही विचारायचं नसतं. माती झटकायची आणि घरी जायचं. मीही उठलो, खांबाला सलामी दिली, सदरा घेतला आणि निघालो. सर मान खाली घालून वहीत काही लिहीत होते. काय लिहितात ते विचारावं, हे माझ्या मनातही आलं नाही.

त्याच संध्याकाळी एसटी धरली. धान कापणीला आलं होतं आणि दिवाळीची सुट्टीही तोंडावर होती.

“काय झालं?” बाबांनी विचारलं.

“पडलो.”

“बरं. चाल मंग, इळा धर.”

सुट्टी संपून कॉलेजात गेलो तेव्हा फाटकाशी म्हातारे शिपाई बसले होते. मला पाहून ते उठले.

“कुठी होते बाप्पा तुम्ही? नाव लागलं होतं ना तुमचं. चौथं.”

मी म्हणालो, “पण मी तर पडलो होतो.”

“पडले तं काय झालं? पडल्याचे मार्क कापले, बाकीचे देल्ले. तिन्ही मिळून मोजतेत ते. सरानं मले दोनदा तुमच्या खोलीवर धाडलं. कुलूप. स्पर्धेले जायच्या दिवशी वरठीच्या टेशनावर मीच सामान घेऊन गेलो होतो. गाडी आली तरी सर खालीच उभे. पोट्टे खिडकीतून पाहत होते, म्हणे, थांबा सर, काका येतीन. मंग शिट्टी झाली. तिघंच गेले.”