अक्काचा सेट

एखाद्या संस्कृतीची उंची मोजायची असेल, तर तिच्या एका शब्दात किती अर्थ मावतात ते पाहावे, असे माझे जुने मत आहे. हे मत मी संस्कृत डोळ्यांपुढे ठेवून बनवले होते. पण त्या मापाने सगळ्यांत उंच निघाला तो इंग्रजीतला 'सेट'. कोशात त्याला पानेच्या पाने दिली आहेत, तरी कोशकार कुंभकोणमला येऊन गेलेले दिसत नाहीत.

इथे डोसे एकापेक्षा जास्त आले की सेट. नागस्वरम् आणि तविल वाजवणारी मंडळी मिळून सेट. लग्नाची तारीख आधी त्यांना विचारतात, मग नवऱ्यामुलाला. दारासुरमचा विणकर साडी आणि ब्लाउजचे कापड मिळून सेट दाखवतो. आणि जे मानवत नाही ते सेट होत नाही : नवा चष्मा, चेन्नईचे पाणी, मधला जावई. आम्ही घरात मराठी बोलतो, तीही तीनशे वर्षांपूर्वी पूर्वजांनी सोबत आणलेली, आणि उंबऱ्याबाहेर तमिळ. दोन्हीकडे चपला न काढता वावरणारा शब्द हा एकच.

गेल्या वर्षी माझ्या थोरल्या बहिणीने, म्हणजे अक्काने, दातांचा सेट केला. महाराष्ट्रात याला कवळी म्हणतात असे मी पुस्तकांत वाचले आहे. आमच्या मराठीत हा शब्द नाही. निघताना पूर्वजांचे दात शाबूत असावेत.

अक्का आमच्या विठ्ठल मंदिरात एकादशीच्या भजनाला पहिला अभंग उचलते. चाळीस वर्षे तो मान तिचा. नव्या दातांनी मात्र तिच्या प्रत्येक 'स'मधून शिटी निघू लागली आणि 'च' तर कुठून निघतो ते तिलाच कळेना. दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हळूहळू सेट होईल. एकादशी आठ दिवसांवर होती. भजनातल्या आमच्या चुलतवहिनीने, अक्काने या खेपेस विश्रांती घ्यावी, पहिला अभंग आपण सांभाळू, असे फार मायेने सुचवले. तेव्हापासून अक्का पहाटे उठून परसात 'च'ची बाराखडी म्हणू लागली. शेजारची मांजर पहिले दोन दिवस धावत आली, मग तिने नाद सोडला.

त्यातच निरोप आला, की पुण्याहून एक संशोधक आमची जुनी मराठी ध्वनिमुद्रित करायला येणार आहेत. मंदिराच्या मंडळींनी फलक रंगवला, शाल आणली, आणि माझ्याकडून स्वागताचे भाषण लिहून घेतले. त्यात 'अमृतवाणी' तीनदा आले. अक्काने एकच सांगितले : "शिटी वाजो, नाहीं तर भोंगा वाजो. अभंग मीच उचलीन."

उचलला. आवाज खणखणीत, आणि शब्दाशब्दाला शिटी. वहिनी माझ्याकडे बघत होती, मी खांबाकडे. संशोधक मात्र डोळे मिटून, कानाला यंत्र लावून डोलत होते. अभंग संपताच ते तिच्यापुढे येऊन बसले.

"मावशी, हा 'च' मी आजवर फक्त वाचला होता. दात आणि टाळू यांच्या बरोबर मधला. आमच्याकडे तो कधीच लोपला. असा पूर्ण सेट आणखी कुणाकडे आहे का हो?"

अक्काला शेवटचे वाक्य तेवढे नीट समजले. "पुरा सेट माझाच," ती म्हणाली. "हिचा नुसता वरचा."

वहिनीने तोंडाला पदर लावला. संशोधकांनी वहीत काहीतरी टिपले.

"आईकडून आला असेल तुम्हाला."

"आईस कुठला, बाबा? ती बिचारी सेटाविनाच गेली."

ते हळहळले. एका पिढीत गळालेली गोष्ट पुढच्या पिढीत परत उगवते याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे, असे त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले. मी होय म्हणालो. त्यात खोटे काहीच नव्हते. कवळी हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. पण तेवढ्यात अक्काच्या खांद्यावर शाल पडली, आणि पुढच्या एकादशीचा पहिला अभंगही तिनेच म्हणावा असे वहिनीने स्वतःच्या तोंडाने सांगितले. संशोधक म्हणाले, हा उच्चार जिवापाड जपला पाहिजे. अक्काने मान हलवली आणि शालीत तोंड लपवून इतकी हसली, की लोकांना ती गहिवरली असे वाटले.

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी तो सेट बाहेर काढून वरच्या बाजूने जरा घासला. पाच मिनिटांत तो उच्चार गेला.