बॉनेटवरचा पंजा

आधीच सांगते, मी घाबरणाऱ्यातली बाई नाही. अमावस्येला गाडी घेऊन बाहेर पडते, मांजर आडवी गेली तर तिला हॉर्न देते. माझ्या दुकानात कुणी लिंबू-मिरची लटकवून गाडी आणली की पहिल्यांदा ती काढून बाजूला ठेवते, कारण लिंबाचा रस बंपरवर गळून डाग पडतो. तेव्हा "ताई, कुणाला तरी दाखवून घ्या" असं खाली लिहायला ज्यांचे हात शिवशिवत असतील त्यांनी कृपा करून इथेच थांबावं. सल्ला मागायला मी आलेली नाही. घडलं ते लिहिते आहे, बस.

माझं दुकान बोईसरला, एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. पत्र्याची शेड आणि आत भिंतभर ट्यूबलाइट. मी कार डीटेलिंग करते. म्हणजे नुसती गाडी धुणं नव्हे. रंगावरचे बारीक ओरखडे मशीनने पॉलिश करून घालवायचे, अॅल्युमिनियमची चाकं चकचकीत करायची, असली कामं. बाई मशीन धरते म्हणून सुरुवातीला लोक नुसते बघायला थांबायचे. आता गाड्या घेऊन थांबतात.

माहेर माहीमचं. मुंबईचं नाही, केळव्याजवळचं. बाबांची बोट होती, ती आता दादा बघतो. बोटीशिवाय बाबांना एकच नाद — एक जुनी, लांब नाकाची, क्रीम रंगाची गाडी. मॉडेल लिहीत नाही, आमच्या पट्ट्यात तशी एकच आहे, लगेच ओळखाल. आई गेल्यावर बाबांनी ती चालवणं सोडलं. खाऱ्या हवेत उभी राहून बॉनेट गंजलं, चाकांवर पांढरी बुरशी चढल्यासारखं झालं. दादा म्हणाला विकून टाकू, वापीचं एक गिऱ्हाईक केव्हापासून मागे लागलंय. मी म्हणाले मला द्या. आमची चांगलीच जुंपली. शेवटी बाबांनी निकाल दिला. पालघरला जुन्या गाड्यांचा शो होता. त्यात गाडीला बक्षीस मिळालं तर ती माझी, नाही मिळालं तर दादाने विकायची.

मला हे पटलं. रडून-भेकून मागायची नव्हतीच मला ती गाडी. कमवायची होती.

गंजलेलं बॉनेट वाचण्यासारखं नव्हतं. मनोरला हायवेवर एका भंगारवाल्याकडे त्याच मॉडेलचं दुसरं मिळालं. दुसरं — हे लक्षात ठेवा. बोईसरच्या पेंटरने ते उघड्या पत्र्यापर्यंत घासून नव्याने रंगवलं. चाकं मी स्वतः केली. पॉलिश पेपर ओला करून घासायचं, आधी जाड, मग बारीक, मग त्याहून बारीक, आणि शेवटी पेस्ट लावून मशीन. कापड काळंकुट्ट होत जातं आणि खालून चाक उजळत येतं. आमच्या चाकांना बारीक खड्डेही होते, आणि ती आईची कृपा. तिने एकदा ती चाकं चिंच लावून टोपासारखी घासली होती, आणि बाबांनी वर तिचं कौतुक केलं होतं. ते खड्डे काढता काढता माझा खांदा कामातून गेला. पण शेवटी चाकात माझा चेहरा दिसला, टिकलीसकट.

मग बॉनेट घेतलं. शो तोंडावर आला होता. भर दुपारची वेळ, रस्त्यावर कंपनीच्या बसेसची वर्दळ. पॉलिश झालं, मऊ कापडाने पुसलं आणि तपासायचा दिवा तिरका धरला... तर मधोमध पिवळसर काहीतरी. जवळ जाऊन बघितलं. हाताचा पंजा होता. उजवा.

इथे आईबद्दल सांगायला हवं. नारळी पुनवेला बोटीची पूजा झाली की आई हळदीत हात बुडवून बोटीच्या तोंडावर पंजा उमटवायची. दसऱ्याला तेच गाडीला, बरोबर बॉनेटच्या मधोमध. हळदीने रंगाची वाट लागते म्हणून मी दरवर्षी भांडायचे. मी बरोबरच होते, आजही ग्राहकांना हेच सांगते. पण आई ऐकणारी नव्हती. म्हणायची, "रंग काय, पुन्ना मारता येतो. गाडी घरी आली पायजे."

तिची करंगळी मोडून वाकडीच बसली होती, पाटीत मासळी भरताना कधीतरी. बॉनेटवरच्या पंजाची करंगळी तशीच आत वळलेली होती.

मी घाबरले नाही. मला राग आला. इतक्या मेहनतीवर डाग! पुन्हा मशीन लावलं. पंजा पुसट झाला, चहा पिऊन येते तो परत तस्सा. मशीनचं पांढरं पॅड पांढरंच राहिलं, पिवळं काही त्याला लागलंच नाही. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे कपडे धुणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. साबण लावला, लाल झाली नाही. हळदीचा डाग उन्हात उडतो म्हणून बॉनेट उन्हात ठेवलं. ढिम्म काही झालं नाही.

जुन्या रंगावर स्टिकर असेल तर काढल्यावरही त्याची छाप दिसत राहते. ते मी शंभरदा बघितलंय. पण हे बॉनेट आईने जन्मात पाहिलेलं नव्हतं. पेंटरला बोलावलं. त्याने बराच वेळ निरखलं. मग म्हणाला, "मैडम, मैंने तो नंगी चद्दर पे कलर मारा है। ये मेरे हाथ का काम नहीं।" आणि वेगळे पैसे देते म्हटलं तरी परत रंगवून द्यायला तो तयार होईना.

दादा आला आणि भडकलाच. हे माझंच काम आहे, गाडी विकली जाऊ नये म्हणून मी आईचं नाव वापरतेय, असं म्हणाला. मी विचारलं, डाग पडला तर बक्षीस जाणार माझं, मग मी कशाला पाडीन? तरी त्याचा आवाज काही खाली आला नाही. बाबा मात्र पंजाकडे बघत नुसते उभे होते. मग म्हणाले, "आसू दे. हाय तशी ने."

तशीच नेली.

मैदानात गाडी उभी केली तेव्हा गर्दी चाकांपाशीच जमली. लोक वाकून वाकून स्वतःचं तोंड बघत होते. जज आले, शहरातले, बोलायला गोड. चाकं बघून त्यांनी मान डोलावली. मग बॉनेटपाशी थांबले, बोट फिरवलं, कापडाने पुसून बघितलं. काम उत्तम आहे म्हणाले, पण हा डाग असेल तर गुण जातील. वर हळूच सुचवलं की हे मुद्दाम केलेलं डिझाइन असेल तर तसं सांगा, मग गुण कापणार नाहीत.

नुसती मान हलवायची होती. गाडी माझी झाली असती. वापीचं गिऱ्हाईक दादाच्या शेजारीच उभं होतं, बाबा खुर्चीत बसले होते.

मी म्हणाले, "डिझाइन नाही. माझ्या आईचा हात आहे."

भूत-बीत न मानणारी मी, असं का बोलले ते आजही सांगता येत नाही. पण खोटं बोलायला जीभ वळली नाही. जज कसनुसं हसले आणि पुढच्या गाडीकडे गेले. बक्षीस मिळालं नाही.

निकालानंतर दादा ओलं फडकं घेऊन आला. गिऱ्हाईकाला स्वच्छ दाखवायचं म्हणून त्याने जोर लावून पुसलं, दोनदा पुसलं. मग फडकं खाली ठेवलं आणि आपला पंजा त्या पंजावर ठेवला. लहानपणी आईचा हात मोठा की आपला, हे मापायचो तसा. करंगळीपाशी आल्यावर त्याचा चेहराच बदलला. त्याने हात काढला आणि गिऱ्हाईकाकडे वळला.

"गाडी विकायची नाय," तो म्हणाला. "उगाच तुमाला येवढ्या लांब आनलं."

ठरल्याप्रमाणे मी हरले होते. त्याची आठवण मी दादाला करून दिली नाही, आणि त्यानेही काढली नाही. किल्ली माझ्या हातात दिली आणि माझ्याकडे न बघता बाबांना खुर्चीतून उठवायला गेला. तेव्हा मात्र मी रडले. भर मैदानात, सगळ्यांसमोर.

गाडी आता बोईसरला माझ्याकडे आहे. पंजा आहे तिथेच आहे. कुणी म्हणतं तारापूरच्या केमिकलच्या हवेने झालं असेल, कुणी म्हणतं रंगातली रिअॅक्शन. असेल बुवा. पण रिअॅक्शनची करंगळी वाकडी कशी, ते आधी मला समजावून सांगा. मला कारण सापडलेलं नाही आणि आता मी शोधतही नाही. बॉनेट पुन्हा रंगवणार नाही. पुढच्या वर्षीच्या शोला गाडी तशीच नेणार आहे, आणि जजने विचारलं तर उत्तर तेच आहे.