बुकित बातोकची स्लेज पार्टी

तेजू आणि सुरेखावहिनी सहा दिवसांसाठी सिंगापूरला येणार हे नक्की झालं, आणि त्याच रविवारी सकाळी ०७१५ वाजता मी रेकीला, म्हणजे जागेच्या पाहणीला, निघालो.

तेजू म्हणजे हवालदार बबन यांची मुलगी, अकरा वर्षांची; सुरेखावहिनी त्यांची पत्नी. बबन आमच्या बर्फातल्या पोस्टवर, बर्फावरून घसरगाडीने सामान नेणाऱ्या स्लेज पार्टीचे कमांडर होते. मी त्यांचा कॅप्टन, पाच वर्षांच्या शॉर्ट सर्व्हिसवर. तालुक्याच्या कॉलेजात शिकलेला, घरातला पहिला ग्रॅज्युएट. बर्फ मी तोवर भूगोलाच्या पुस्तकातच पाहिला होता. रॉकेलच्या जेरीकॅननी भरलेली स्लेज उतारावर कशी सोडायची, हे बबननीच मला शिकवलं. ते म्हणायचे, "साहेब, आधी थांबायची जागा बघायची. घसरायचं मागून."

लेकीला त्यांनी फोनवर कबूल केलं होतं की डोंगरावरून स्लेजवर बसवून घसरवीन. ते राहून गेलं. सिंगापुरात छताखाली बर्फ मिळतो, हे मी तेजूला कळवलं होतं. ती फोनवर म्हणाली, "काका, छताखाली डोंगर कसा असेल?"

म्हणून डोंगर शोधणं आलं. सिंगापुरात आम्ही आता राहतो त्या चोआ चू कांगला आमच्या ब्लॉकमागचा उतार थेट रस्त्यावर उतरत होता. रद्द. दुसऱ्याच्या पायथ्याशी सिमेंटचा मोठा नाला. रद्द. तिसरा बुकित बातोकला. चाळीस पावलांचा गवताचा उतार, खाली सपाट मैदान, वाटेत एकही झाड नाही. घरातल्या मोठ्या प्लास्टिक डब्याचं झाकण दोरी बांधून सोडलं. सुसाट गेलं आणि मैदानात आपोआप थांबलं. जागा पास.

मोहीम सुरू करायची वेळ, फौजी भाषेत एच-अवर, ठरली शुक्रवारी १७०० वाजता. मी, माझी बायको मेघा, आमची इरा, वहिनी आणि तेजू. इराचे दोन खेळण्यातले वॉकीटॉकी एक वर, एक खाली. एसओपी, म्हणजे पाळायचा नियम, एकच: खाली पोहोचलं की सेटवर रिपोर्ट द्यायचा.

तेजू झाकणावर बसली. मी ढकललं. झाकण हातभर सरकलं आणि थांबलं. पुन्हा ढकललं, पुन्हा तेच.

"बाबा, धिस इज ग्रास लाह," इरा तिच्या सिंगापुरी इंग्लिशमध्ये म्हणाली.

चूक माझी होती. रेकी सकाळी केली, तेव्हा गवत दवाने ओलं होतं. दिवसभराच्या उन्हाने ते कोरडं ठाक झालं होतं. ज्या वेळी जायचं त्याच वेळी रेकी करायची, हे पोस्टवर नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगतात. झाकण उचलून तेजूने त्याला चिकटलेलं गवत झटकलं.

"साहेब, ह्यांच्याकडूनच शिकलात ना तुम्ही?" वहिनी म्हणाल्या. "ह्यांनी तुमचा उद्याचा चहा बंद केला असता."

त्यांचं विमान शनिवारी दुपारचं होतं. एकच सकाळ उरली होती.

"उद्या ०७१५," मी म्हटलं.

"बॅगा आज भरू," वहिनी म्हणाल्या.

सकाळी बूट भिजतील इतकं दव होतं. मैदानात व्यायाम करणारे एक चिनी आजोबा हसून बाजूला झाले आणि बघत उभे राहिले. मेघा आणि इरा खाली, मी आणि वहिनी वर. तेजूने बसण्याआधी खाली नीट पाहून घेतलं.

"काका, थांबायचं कुठे?"

बबन यांचं ते म्हणणं मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. वहिनींनी मान दुसरीकडे वळवली.

"इरा उभी आहे तिथे," मी म्हटलं आणि ढकललं.

ती ओरडतच गेली. इराला ओलांडून चार पावलं पुढे जाऊन उलटली, गवतात लोळली, हसत सुटली. आजोबांनी टाळ्या वाजवल्या. मग माझ्या हातातला सेट खरखरला.

"पोहोचले. परत निघते. ओव्हर."

हवालदार बबन यांचा शेवटचा रिपोर्ट माझ्याच सेटवर आला होता. फेब्रुवारीत, दुपारी १३४० वाजता. "लोड पोहोचला. परत निघतो. ओव्हर." परतीच्या वाटेवर बर्फाचा कडा सुटला. त्या सेटवर मी रात्रभर बसून होतो.

"रॉजर," मी म्हटलं. "ये वर."

झाकण डोक्यावर घेऊन तेजू चढायला लागली. मी घड्याळ लावलं. दोन मिनिटं दहा सेकंदांनी ती माझ्यासमोर उभी होती, धापा टाकत, गुडघ्यांना चिखल.

"पुन्हा," ती म्हणाली.

आम्ही अकरा फेऱ्या केल्या. प्रत्येक वेळी ती परत आली.