परीक्षकाची भाची

आमच्या घरी दोन गोष्टी वाढतच जातात: स्मृतिचिन्हं आणि किस्से. स्मृतिचिन्हांना आता कपाटात जागा उरलेली नाही. किस्स्यांना जागा लागत नाही, पण सांगायला कोणीतरी समोर लागतं. सध्या तसं कोणी नाही, म्हणून लिहून काढते.

माझी आत्या लिहिते आणि चित्रं काढते. समता कॉलनीत राहते. बाबांची रेल्वेत बदली झाली, आई आणि धाकटा भाऊ त्यांच्याबरोबर गेले आणि माझी शाळा बुडू नये म्हणून मला आत्याकडे ठेवलं. म्हणजे घरात आम्ही दोघीच. रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं तेव्हापासून इथे रोज कुठे ना कुठे मंडप लागतो. मंडप लागला की परीक्षक लागतो, वक्ता लागतो, आणि आत्या कोणालाच नाही म्हणत नाही. "आपण नाही गेलो तं ते खुर्चीवर कोण्या नेत्याले बसवतील," असं म्हणते आणि स्कूटर काढते. मागे मी, मांडीवर पाण्याची बाटली.

तिचा एकच नियम आहे. ती परीक्षक असेल त्या स्पर्धेत मी भाग घ्यायचा नाही. आणि आत्या परीक्षक नाही अशी स्पर्धा रायपुरात होतच नाही!

\*

बीरगांवच्या एका शाळेत पर्यावरणावर चित्रकला स्पर्धा होती. मंडप, खाऊ, बक्षिसं, सगळं जवळच्याच एका कारखान्याच्या मालकांकडून. मुलांनी हिरवी झाडं आणि निळं आकाश काढलं होतं. एका मुलाने मात्र सगळं आकाश काळं रंगवलं होतं. खाली घरं, दोरीवर वाळत घातलेले कपडे, तेही काळपट.

दुसरे परीक्षक म्हणाले, "बच्चे ने रंग बिगाड़ दिए हैं." आत्याने ते चित्र उचललं आणि पहिल्या नंबरवर ठेवलं. बरीच चर्चा झाली. आत्या हलली नाही.

बक्षीस द्यायला मालक स्वतः उठले. चित्र हातात घेऊन पाहिलं आणि माईकवर म्हणाले, "वाह बेटा! रात का क्या सीन बनाया है!"

मुलगा म्हणाला, "नहीं सर, दोपहर है."

त्या शाळेने आत्याला पुन्हा बोलावलं नाही. मला वाटलं, चला, एक स्पर्धा मोकळी झाली. पण तिथे पुढे स्पर्धाच झाली नाही.

\*

एका शाळेत 'वाचनाचे महत्त्व' या विषयावर आत्याचं भाषण होतं. भाषण लायब्ररीतच ठेवलं होतं. मुली खाली बसल्या, आत्या उभी राहिली, मागे पुस्तकांचं काचेचं कपाट. आत्याला बोलता बोलता एक पुस्तक काढून दाखवायचं होतं. कपाटाला कुलूप!

"चाबी?" तिने विचारलं.

"चाबी तो बड़े बाबू के पास है," प्राचार्या म्हणाल्या. "वो छुट्टी पर हैं."

"कब से?"

प्राचार्यांनी मुलींकडे पाहिलं. मुलींनी छताकडे पाहिलं.

आत्याने भाषण तिथेच थांबवलं. म्हणाली, "चाबी मिल जाए तो बुला लीजिएगा. तब भाषण की ज़रूरत नहीं पड़ेगी." तेव्हापासून ती अधूनमधून त्या शाळेत फोन लावते. हॅलो म्हणत नाही. पलीकडून कोणी उचलला की विचारते, "मिली?"

मध्यंतरी माझी एक मैत्रीण मला म्हणाली, "तेरी बुआ का कुछ खो गया है क्या? हमारे स्कूल में फोन करती रहती हैं."

\*

मराठी मंडळातल्या कथावाचनाला बहुतेक काकू आणि आजीच येतात. माझ्या वयाची मुलं आली तर आईला घ्यायला येतात आणि दारातूनच म्हणतात, "मम्मी, चलो ना!"

एकदा आत्या एक नवी कथा वाचत होती. कथेतली सून आजारी होती. आवाज हळू होत गेला तशा पहिल्या रांगेतल्या देशपांडे आजी अस्वस्थ झाल्या.

"थांब बाई," त्या म्हणाल्या. "तू त्या पोरीले मारून राहिली काय?"

"आजी, गोष्ट आहे ती."

"गोष्ट आहे तं मारतेस काहून? तुह्याच हातात आहे न!"

मागून आणखी दोघीतिघी बोलल्या. एकीने तर डॉक्टरचं नावही सुचवलं. आत्याने कागद खाली ठेवला, चष्मा काढला आणि म्हणाली, "बरं. नाही मारत." पुढचं पान न वाचता तिने तोंडीच त्या सुनेला बरं केलं. टाळ्या अशा पडल्या की विचारू नका!

नंतर महिनाभराने आत्याच आजारी पडली. तापात दोन आठवडे झोपून होती. मी शाळेतून येऊन तिच्या उशाशी बसत असे. दाराची बेल वाजली तर कळावी म्हणून आम्ही रेडिओ लावत नव्हतो. बेल वाजली नाही.

बरी झाल्यावर ती मंडळात गेली. देशपांडे आजींनी लगबगीने तिचा हात धरला. "काय गं, तुही ती सून कशी आहे आता?"

"ठणठणीत आहे," आत्या म्हणाली.

\*

नियमाबद्दल एकदाच बोलणं झालं. एका संयोजकाने मला बाटली घेऊन बसलेलं पाहिलं आणि म्हणाला, "दीदी, बिटिया बोर हो रही है. इसका भी नाम डाल दें?"

आत्या म्हणाली, "डाल दीजिए. मेरा काट दीजिए."

तो हसला. त्याला ती गंमत वाटली. नाव अर्थातच माझं घातलं नाही. मी बाटलीचं झाकण उघडत आणि लावत बसले. माझ्याच वयाच्या मुली एकेक करून माईकसमोर जात होत्या. मलाही एकदा तिथे उभं राहून माझं लिहिलेलं वाचायचं होतं, आणि ते आत्याने ऐकायला हवं होतं. घरी वही तिच्यापुढे करायची मला लाज वाटते. माईकसमोर गेल्यावर लाजायला वेळच मिळत नसावा.

\*

मग यंदा बूढ़ापारा वस्तीत, तलावाजवळ होणारी मराठी निबंधवाचनाची स्पर्धा जाहीर झाली. विषय होता 'माझे घर'. परीक्षक दोन, दोघेही दुर्गहून येणार! मी आत्याला न विचारता नाव दिलं आणि मग सांगितलं. ती म्हणाली, "सोडून देते तुले. मी तलावापाशी बसते. ऐकत नाही, घाबरू नको."

दुर्गहून एकच परीक्षक आले. दुसऱ्या परीक्षक बाईंची गाडी वाटेत बंद पडली. संयोजक बाहेर पाहायला गेले आणि तलावाच्या काठावरून आत्यालाच घेऊन आले. "अहो ताई, देवच पावला! बसा, बसा." तिच्या हातात पेन दिलं आणि लगेच माझं नाव पुकारलं.

मी माईकसमोर आणि आत्या परीक्षकाच्या खुर्चीत. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. तिने पेन टेबलावर ठेवलं, उठली आणि सगळ्यात मागे सतरंजीवर बायकांमध्ये जाऊन बसली.

"ताई, मार्क?" संयोजक कुजबुजले. माईक सुरू होता, सगळ्यांना ऐकू गेलं.

"हिचे नाही देत. वाचू द्या तिले."

मी वाचलं. आमच्या घरी संध्याकाळी कशी पंगत बसते, आजी कशी वाढते, काका जेवताना कसे मोठ्याने हसतात, आत्येभावंडं पापडावरून कशी भांडतात आणि पाठ टेकायला भिंत मिळावी म्हणून सगळे कसे धावतात. सगळं वाचलं. एकदाही अडखळले नाही. आजी मला आठवतही नाही. काका नाहीत. आत्याने लग्न केलेलं नाही.

टाळ्या पडल्या. एका परीक्षकाचे मार्क कोरे राहिल्यामुळे माझा नंबर शेवटचा आला. बाकी मुलांचं आत्याने शेवटपर्यंत नीट ऐकलं आणि मार्क दिले.

आत्याने स्कूटर काढली आणि मी मागे बसले. निबंध दप्तरात होता आणि घर येऊच नये असं वाटत होतं.

घरी आल्यावर तिने कुकर लावला. मी कपडे बदलून बाहेर आले तेव्हा ती पाटावर चढून वरच्या फळीवरची ताटं काढत होती. पुसून पुसून तिने ती जमिनीवर मांडली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. प्रत्येक ताटाशी पेला. मधोमध पापडांचा डबा.

मी भिंतीजवळच्या ताटावर बसले. तिने माझ्या ताटात वरण-भात वाढला, शेजारी स्वतःच्या ताटात वाढला आणि आतल्या रिकाम्या खोलीकडे तोंड करून ओरडली,

"हात धुऊन या रे सारे! पोट्टी केव्हाची बसून राहिली!"